नायकाला दहापैकी चार गुण? हा तक्ता कादंबरीला लावू नका

समासातला
कालपासून ‘मुख्य पात्र पक्कं झालंय का? दहा प्रश्न, दहा गुण’ ही पोस्ट सगळीकडे फिरतेय. ध्येय आहे का, भीती कशाची, बालपणी जखम झाली का, रूपवर्णन आहे का, शेवटी बदल झाला का वगैरे. सहापेक्षा कमी गुण पडले तर पात्र कच्चं. या हिशेबाने नेमाड्यांच्या ‘कोसला’च्या (१९६३) नायकाला, पांडुरंगला, चार गुण दिलेत. का, तर ध्येय नाही आणि शेवटी विकास नाही. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

हे प्रश्न लिहिणाऱ्याच्या वहीतले आहेत. लेखकाने पात्राची माहिती किती जमवली एवढंच त्यांतून कळतं. ती पानावर उतरली का, ते कळायला काही मार्ग नाही. भीती, जखम, नाकाचा आकार सगळं ठरलेलं पात्र अख्ख्या कादंबरीत एकही निर्णय न घेता पार पडू शकतं, आणि या तक्त्यात त्याला नऊ गुण मिळतील.

तपासायचंच तर पुस्तक संपल्यावर कोरा कागद घ्या आणि पात्राचे निर्णय पानाच्या क्रमांकासकट लिहून काढा. जिथे किमान दोन वाटा खरोखर खुल्या होत्या आणि एक धरल्यावर दुसरी बंद झाली, तोच निर्णय धरायचा. प्रत्येकासमोर लिहा, किंमत कोणी मोजली. तीनशे पानांत असे चार-पाचही सापडत नसतील, आणि गोष्ट पुढे सरकते ती पत्र आलं, अपघात झाला, कुणी अचानक भेटलं म्हणून, तर नायक नुसता ठिकठिकाणी हजर आहे. मग त्याच्या जागी त्याचा मित्र बसवून बघा. काहीच अडलं नाही, तर पात्र उभं राहिलेलं नाही.

पांडुरंगच्या जागी दुसरा कोणी बसवून दाखवा. त्याची धाकटी बहीण मणी वारल्यानंतरचा भाग उघडा. तो राग, घरच्यांवरची ती चीड दुसऱ्या कुणाच्या तोंडी एक परिच्छेदसुद्धा टिकणार नाही.

तिसरी_आवृत्ती
इतकं तापायचं कारण नाही. तक्ता मुरलेल्या वाचकांसाठी नाहीच, नव्याने लिहिणाऱ्यांसाठी आहे. पहिल्या खर्ड्यात सगळ्यात जास्त आढळणारा दोष कोणता? पहिली पन्नास-साठ पानं नायकाला काहीच हवं नसतं. उठतो, खिडकीतून बघतो, आठवतो, झोपतो. ‘याला काय हवंय?’ एवढं विचारलं की निम्मं दुखणं हाती लागतं.

आणि तुमची निर्णयमोजणी ‘बनगरवाडी’ला (१९५५) लावून दाखवा. तालीम बांधायची खटपट सोडली तर गोष्ट सांगणाऱ्या मास्तरांच्या नावावर निर्णय किती? बहुतेक वेळ ते बघतात, ऐकतात, कुणाचं तरी काम करून देतात. तुमच्या कागदावर तेही नापास. म्हणजे एक तक्ता फाडून तुम्ही दुसरा चिकटवलात.

बदलाचा मुद्दा तर मी सोडणारच नाही. तीनशे पानांनंतरही माणूस होता तिथेच असेल, तर त्याची लघुकथा करावी.

समासातला
‘मी’ म्हणणारा तोच नायक, हा समज आधी काढून टाका. मास्तर सांगणारे आहेत, कादंबरी त्या वाडीची आहे. दुष्काळात उठून जाते ती वाडी. मुख्य पात्र कोण हे ठरत नसेल तर बघायचं, शेवटी सगळ्यात जास्त कोणी गमावलं. मोजणी त्याची करायची.

काठावरची
‘बदल’ म्हणजे काय ते तुम्ही दोघांनीही एकाच अर्थाने धरलंय. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७ च्या व्याख्यानांत सपाट आणि गोलाकार पात्रं वेगळी केली तेव्हा बदलाची कसोटी ठेवलीच नव्हती. पात्र चकित करतं का आणि ते पटतं का, एवढंच त्याने विचारलं. चकित करतं पण पटत नाही, तर ते गोल असल्याचं सोंग.

बदल बघायचाच असेल तर एकच पेच कादंबरीत दोनदा यावा लागतो. समजा, भाऊ जमिनीचा कागद सहीसाठी पुढे करतो. नायक पेन मागतो, समासात रेघ ओढून शाई चालते का बघतो, विचारतो, ‘हे अक्षर कुणाचं?’ आणि सही करतो. शंका आलीय, पण तिचं काय करायचं ते त्याला जमत नाही. दोनशे पानांनंतर मुलगा तसाच कागद आणतो. आता तो पेन मागत नाही, अक्षर विचारत नाही. कागद पालथा घालतो, त्यावर पाण्याचा पेला ठेवतो आणि जेवायला बसतो. ‘तो आता खंबीर झाला होता’ असं कुठेही लिहावं लागत नाही. कोणी लिहिलंच असेल तर ते वाक्य खोडून पुन्हा वाचा. खोडल्यावर बदल दिसेनासा झाला, तर तो मुळात नव्हताच.

माझा खरा राग तक्त्यातल्या ‘बालपणीच्या जखमे’वर आहे. त्या एका प्रश्नापायी दुसऱ्या प्रकरणात बारा-पंधरा पानांचा भूतकाळ ओतायची सवय लागलीय. तो का फसतो? वाचकाला अजून प्रश्नच पडलेला नसतो आणि उत्तर आधी हातात येतं. मग नायक पुढे जे काही करेल ते त्या उत्तराचा ताळा वाटतं. उपाय साधा आहे: ती पानं बाजूला काढा, पुढे वाचत राहा, आणि ‘हा असा का वागला?’ हे पहिल्यांदा मनात येईल त्या पानावर खूण करा. तिथे लागतील तेवढ्याच ओळी परत आणा. बहुतेकदा दीड-दोन पानं पुरतात, बाकीची कुठेच लागत नाहीत. ‘रणांगण’ (१९३९) जवळजवळ सगळं बोटीवर घडतं. नायक चक्रधरचं आधीचं प्रेमप्रकरण मोजक्या जागेत येतं आणि बोटीवर भेटलेल्या हॅर्टापुढचं त्याचं आखडणं तेवढ्याने कळतं.

एक चाचणी मात्र तक्त्यात हवीच होती आणि नेमकी तीच नाही. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन संवाद घ्या, ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ झाका आणि कोण बोलतंय ते ओळखा. इथे नावाजलेल्या कादंबऱ्याही आपटतात. कर्णावरच्या ‘मृत्युंजय’मध्ये सहा जण बोलतात, पण नावं झाकली तर आवाज एकच.

पाठांतर
‘मृत्युंजय’वर (१९६७) असं जाता जाता बोट ठेवून पुढे जाऊ देणार नाही. नऊ भाग आहेत. त्यांतले चार कर्णाचे, उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांचे. भाषा भारदस्त आहे कारण ती पुराणकथेची भाषा म्हणून निवडलेली आहे. त्यात कुणाची बोलण्याची लकब शोधणं म्हणजे चुकीचं हत्यार हातात घेणं. फरक आहे तो कोणाला काय ठाऊक आहे यात. कुंतीला जन्माचं गुपित माहीत आहे, शोणला नाही. दुर्योधन त्याच कर्णाकडे स्वतःच्या गरजेतून बघतो. सहा जणांच्या सांगण्यातून उभा राहतो तो कर्ण तक्त्यातले गुण मोजून कळणारा नाही. संवादांची चाचणी स्वगतांवर चालणाऱ्या कादंबरीला लावून वर ‘आपटतात’ म्हणायचं, हे बेजबाबदार आहे.

काठावरची
कोणाला काय ठाऊक आहे हा फरक मान्य. तो चोख सांभाळलाय. पण माहिती वेगळी असली म्हणजे माणूस वेगळा झाला असं होत नाही. शोणने भावाकडे बघणं आणि वृषालीने नवऱ्याकडे बघणं, दोन्हींच्या वाक्यांची चाल एकच का? पुराणकथा हे त्याचं उत्तर मला पुरत नाही.

मले_काय
आवाजाचं निघालंच आहे तर जे रोज खटकतं ते बोलतो. गावाकडचं पात्र म्हटलं की ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘लई’ पेरायचं आणि काम झालं. वऱ्हाडातला म्हातारा ‘मले’ म्हणेल, ‘काहून’ विचारेल, ‘येऊन राह्यलो’ म्हणेल. त्याच पानावर त्याच्याच तोंडी ‘कवा आलास?’ कसं येतं? मालवणी माणूस ‘माका’ म्हणतो आणि दोन ओळींनी ‘मला बी’ म्हणतो. कोणत्या गावचा आहे हा? जोडीला ठरलेली युक्ती: आई बोलीत बोलते, बाप बोलीत बोलतो, त्यांच्याच घरात वाढलेला नायक मात्र पहिल्या पानापासून पुस्तकी प्रमाण मराठीत. ती कुठे शिकला, कशासाठी धरली, एक ओळ नाही. असल्या नायकाला तुम्ही दहापैकी दहा द्या, मी त्याला कापडी बाहुला म्हणेन.

मुद्रितशोधक
दुसरी बाजूही ऐका. एकाच हस्तलिखितात ‘राह्यला’, ‘राहला’ आणि ‘रायला’ ही तिन्ही रूपं येतात, तीही एकाच माणसाच्या तोंडी. मुद्रितं तपासताना प्रत्येक बोलीरूपाची यादी करावी लागते: पहिल्यांदा कुठल्या पानावर आलं, कोणाच्या तोंडी, कोणतं रूप कायम ठेवायचं. लेखकाने ही यादी स्वतः करून दिली तर निम्मे घोटाळे होतच नाहीत. शिवाय प्रत्येक शब्दाचं लेखन मोडलं की वाचक अडखळतो. सर्वनामं, क्रियापदांची रूपं, हाक मारायची पद्धत आणि वाक्यातला शब्दांचा क्रम सांभाळला तरी बोली ऐकू येते. बाकीचं लेखन सरळ ठेवावं.

आणि बोली आली म्हणजे पात्र आलं, असंही नाही. दहा गावकऱ्यांना सारखीच बोली दिली की दहाही जण एकच होतात.

मले_काय
वाचक अडखळतो हे कारण दरवेळी बोलीलाच का लावता? पानभर जोडाक्षरांचं स्वगत आलं की वाचक अडखळत नाही? मूळ खर्ड्यातलं ‘मले’ बदलून ‘मला’ करायचं आणि त्याला सुसंगती म्हणायचं, ही सरळसरळ पात्राची जीभ छाटणं आहे.

सारख्या बोलीचं म्हणाल तर मुळात बघायचं ते कोण कुणासमोर कोणती भाषा काढतो हे. साहेबासमोर ‘मला रजा हवी आहे’ म्हणणारा नायक आईला फोनवर ‘मले सुटी नाही भेटली’ म्हणतो. आता त्याने बायकोशी खोटं बोलताना कोणती भाषा धरली? प्रमाण धरली तर तो तिच्यासमोरही साहेबासमोर उभा राहावा तसा उभा आहे. बोली धरली तर जवळिकीचा फायदा घेतोय. ‘भीती कशाची’ या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत मिळतं, वेगळं प्रकरण लागत नाही.

मुद्रितशोधक
जीभ छाटण्याचा आरोप मला मान्य नाही, आणि तो पुन्हा केलात तर मी उत्तरही देणार नाही. भाषा बदलण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे. फक्त तो पानावर टिकवणं सोपं नाही. पहिल्यांदा भाषा बदलते तो प्रसंग असा हवा की दोन्ही प्रकारचे ऐकणारे एकाच खोलीत आहेत: साहेब समोर बसलाय आणि फोनवर आई आहे. तिथे वाचकाला नियम कळतो. तसं न करता चाळिसाव्या पानावर एकदम ‘मले’ आलं तर वाचक ते मुद्रणदोष समजतो, आणि तपासणाराही.

तिसरी_आवृत्ती
सगळा धागा बोलीवर गेला, तरी मूळ प्रश्नावर येतो. ‘शेवटी बदल झाला का’ याऐवजी ‘तोच पेच पुन्हा आल्यावर काय केलं’ असं करायला माझी हरकत नाही. जखमेचा प्रश्न राहील, सोबत ‘कितव्या पानावर कळते’ हे जोडावं. पण ‘काय हवंय’ काढायचं नाही. ते काढलं तर खिडकीतून बघत बसणारे नायक पुन्हा साठ-साठ पानं खातील.

समासातला
काढू नका, पण ध्येय विचारू नका. कोणतंही पान उघडा आणि विचारा, आत्ता या घडीला त्याला काय हवंय आणि आड कोण येतंय. पांडुरंगचं प्रत्येक पानावर सांगता येतं. घरून येणारे पैसे हवेही असतात आणि त्यांच्यासोबत येणारा वडिलांचा हक्क नकोही असतो. कादंबरीभराचं ध्येय नसलं म्हणून चार गुण देणाऱ्याने एवढं तरी बघायला हवं होतं.

मले_काय
@मुद्रितशोधक, दोन्ही ऐकणारे एका खोलीत, चाळिसाव्या पानाच्या आधी. ठीक, ही अट मानतो. मग त्या खोलीतलं ‘मले’ आहे तसंच छापा.