शब्दचर्चा: 'इन्हिबिटर'ला अवरोधक, रोधक की आणखी काही?

एका विज्ञान अंकासाठी आरएनए विषाणूंवरच्या औषधांचा लेख मराठीत करतोय. कंपाउंडला संयुग ठरलंय (यौगिक हिंदी वाटतं), एन्झाइमला विकर. गाडी अडलीये ती 'रेप्लिकेशन इन्हिबिट करणं' (विषाणूच्या प्रती निघणं अडवणं) इथे; अडवणारं संयुग ते इन्हिबिटर. प्रतिकृती-प्रतिबंधक? विषाणूनाशक? सुचवा.

—

विषाणूनाशक अजिबात नको. ते फरशी पुसायच्या हायपोक्लोराइटला किंवा सॅनिटायझरला शोभतं, ती द्रव्यं विषाणूचं कवच बाहेरच्या बाहेर मोडतात. तुमची संयुगं पेशीच्या आत, विषाणूची छपाई चालू असताना काम करतात. 2021 च्या एप्रिलात रेमडेसिव्हिरसाठी अख्खा महाराष्ट्र मेडिकलच्या रांगेत होता तेव्हा जो तो 'व्हायरस मारायचं इंजेक्शन' म्हणायचा, पण ते मारत कोणालाच नाही, नवीन प्रती निघू देत नाही एवढंच. आणि प्रतिबंधक म्हटलं की लस आठवते. साधं 'रोधक' घ्या, प्रोटिएज-रोधक (प्रथिनं कापणाऱ्या विकराला अडवणारं), पॉलिमरेज-रोधक (प्रत काढणाऱ्या विकराला अडवणारं), जोडशब्दात पण बसतं.

—

रोधक ठीके पण सगळ्यांना एकच शब्द लावाल तर लेख फसेल, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

सोफोसबुव्हिर बघा, हेपॅटायटिस सी वालं. ते युरिडिनसारखं (आरएनएच्या ए, सी, जी, यू या चार अक्षरांतलं यू) दिसतं म्हणून विषाणूचं पॉलिमरेज ते खऱ्या अक्षरासारखं उचलून साखळीत घालतं, आणि मग त्याला चिकटलेला मिथाइल गट आडवा येतो, पुढचं अक्षर जोडता येत नाही. एचआयव्हीवरच्या एझेडटी या औषधात तर पुढची कडी अडकवायचा हुकच नाही, तिथे अझाइड नावाचा गट बसवलाय. याला बरेच जण 'साखळी तोडणं' लिहितात ते साफ चूक, साखळी तुटत नाही, तिची वाढ खुंटते. म्हणून 'साखळी खुंटवणारं' म्हणा, आपल्याकडे इतकं नेमकं क्रियापद असताना 'शृंखला समापक' कशाला?

रेमडेसिव्हिर अजून मजेशीर. ते अ‍ॅडेनोसिनची (ए ची) नक्कल, पण आत शिरल्याबरोबर काम थांबत नाही, पुढची तीन अक्षरं जोडली जातात आणि मग गाडा अडतो. कोरोनाविषाणूकडे मुद्रितशोधन करणारं विकर असतं, शेवटी लागलेलं चुकीचं अक्षर ते खुडून टाकतं, तर हे तीन अक्षरं आत दडल्यामुळे त्यातून बरंचसं वाचत असावं असं मानतात. याला उशिरा खुंटवणारं म्हणू.

—

मग कोविडवरचं मोल्नुपिराव्हिर रोधक कसं? ते काहीच रोधत नाही!! छपाई जोरात चालूच राहते. ते सायटिडिनसारखं (सी सारखं) दिसतं पण जोडी जी शीही जमवतं आणि ए शीही, म्हणजे पुढच्या प्रतींत सी च्या जागी यू, जी च्या जागी ए असा घोळ वाढत जातो आणि शेवटी प्रती निघतात त्या निकामी. रायबाव्हिरिन या जुन्या विषाणूविरोधी औषधाचं पोलिओच्या विषाणूवर असंच होतं हे 2000 साली दाखवलं गेलं (त्याचे इतरही परिणाम आहेत, पेशीतला जी चा साठा घटतो वगैरे). आपल्याकडे कोविडच्या काळात गाजलेल्या फॅव्हिपिराव्हिरबद्दलही चुका वाढवण्याचंच बोललं जातं. इथे मी 'नासवणं' वापरीन. प्रत नासवणारं संयुग. 'मारक उत्परिवर्तनकारी' वाचून माणूस पान उलटेल.

—

फ्लूवरचं टॅमिफ्लू या यादीत घालू नका प्लीज, सगळे घालतात. ते म्हणजे ओसेल्टामिव्हिर, ते प्रतिकृतीला हातच लावत नाही, तयार झालेले विषाणू पेशीवरून सुटू देत नाही. फ्लूचं उदाहरण हवंच असेल तर बॅलोक्साव्हिर घ्या, 2018 ला जपानमध्ये मंजूर झालं. फ्लूचा विषाणू आपल्या पेशीतल्या एमआरएनएच्या (प्रथिन बनवायचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या) टोकाची 'कॅप' कापून स्वतःच्या संदेशाला लावतो, बॅलोक्साव्हिर ती कात्रीच निकामी करतं. टोपी घालणारे आपल्याला माहितीयेत, हा पळवणारा :) 'टोपी-पळवी' लिहा, लोक विसरणार नाहीत.

—

मला मुळात 'प्रतिकृती'च खटकतं. दिवाळीत पोरं रायगडाची प्रतिकृती करतात ती मातीची. आरएनए विषाणूत आधी पूरक साखळी बनते, मग तिच्यावरून मूळ साखळीसारखी, म्हणजे सरळ झेरॉक्स नव्हेच. शिवाय जनुकीय साखळीची प्रत काढणं वेगळं आणि विषाणूंची संख्या वाढणं वेगळं, इंग्रजीत दोन्हीला सर्रास रेप्लिकेशन म्हणतात. पहिल्याला 'प्रत काढणं', दुसऱ्याला 'गुणन' ठेवा. नाहीतर कोविडवरचं निर्माट्रेल्व्हिर कुठे बसवणार? ते प्रत काढणाऱ्या यंत्राला धरत नाही. विषाणूचं प्रथिन आधी एक लांबलचक पट्टा म्हणून तयार होतं, त्याचे तुकडे करणारं प्रोटिएज ते अडवतं, त्यामुळे ते यंत्र जुळतच नाही.

—

धागाकर्ता: भारी. शीर्षकात रोधक, आत खुंटवणं आणि नासवणं. टोपी-पळवी संपादक कापतील बहुतेक पण पाठवून बघतो. आता प्रोड्रगला काय? रेमडेसिव्हिर, सोफोसबुव्हिर दोन्ही घेताना निष्क्रिय असतात, पेशीत गेल्यावर फॉस्फेट लागून कामाला लागतात. पूर्वौषध बोजड वाटतंय.

—

प्रोड्रगच ठेवा हो, आणि एका वाक्यात समजावा.