अनुभव धागा: साहेब काय विचारतात, त्यावर ऑफिस कसं चालतं

साहेब बदलला की तेच कर्मचारी वेगळे वागायला लागतात. नेमकं कशानं? मराठवाड्यातल्या आपापल्या खात्यातलं लिहा: नियम काय, बैठकीत काय विचारलं जातं आणि खाली त्याचं काय होतं. कर्तबगारीचे किस्से नकोत, कामाची पद्धत हवी.

महसूल, परभणी
फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या नोंदीतल्या बदलाचं घ्या. तलाठ्यानं नोंद धरली की हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस, हरकतीला 15 दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. असेल तर प्रकरण गाव नमुना 6-अ ला, म्हणजे तक्रार नोंदवहीत. आता बैठकीत "प्रलंबित किती?" एवढंच विचारलं, तर आकडा झपाट्यानं खाली येतो. सोप्या नोंदी आधी निघतात, किचकट तळाला जातात, आणि महिनाअखेरीस "कागदपत्रं अपूर्ण" असा शेरा मारून नामंजूर होतात. शेतकरी पुन्हा अर्ज करतो, नवी तारीख पडते. जुनं दुखणं नव्या नंबरानं परत, कागदोपत्री मात्र सगळं उत्तम.

म्हणून विचारायचं असं: सगळ्यात जुनी नोंद कोणत्या तारखेची? नामंजूर किती आणि कोणता कागद कमी होता? त्यातल्या परत किती आल्या? शिवाय नामंजूर नोंदींपैकी चार-पाच साहेबांनी स्वतः उघडून वाचायच्या. हे प्रश्न दर बैठकीला येणार असं कळलं की मंडळ अधिकारी कमी असलेला कागद नाव घेऊन लिहायला लागतो.

2005 च्या बदली कायद्यानं फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यावरही तोड निघाली आहे. सातव्या दिवशी "चर्चा करावी" लिहून फाईल सरकवायची. साहेबांनी स्वतः हा शेरा चर्चेची तारीख-वेळ टाकल्याशिवाय लिहिला नाही, तरच खालचे लिहायचं सोडतात.

ऊस, लातूर
साखर कारखान्याची तोडीची क्रमपाळी, म्हणजे कोणाचा ऊस आधी तोडायचा हे, लागवड तारीख, जात आणि पक्वतेवर ठरते. शेंड्याकडच्या आणि बुडाच्या कांड्यांचा ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) जवळजवळ सारखा आला की ऊस तोडीला आला. संचालकाच्या पाहुण्याचा फड (उसाचं शेत) एकदा मध्ये घुसला, की चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) कळतं की यादी नुसती भिंतीवर लावायला आहे. मग तोडणी टोळी खुशाली मागते, ट्रॅक्टरवाला एंट्री, म्हणजे दोघंही वरचे पैसे. शेतकी विभागानं कितीही नोटिसा काढल्या तरी हे थांबत नाही, कारण पहिली सूट वरूनच मिळालेली असते.

कारखान्याच्या गट ऑफिसबाहेर यादी लावा: नाव, गट नंबर, लागवड तारीख, क्रम. संचालकांचे फडही त्याच यादीत. क्रम मोडायचा तर कोणाच्या सांगण्यावरून, हे चिठ्ठीवर लिहून त्यांची सही घ्यायची. सही मागितली की बरेच फोन आपोआप बंद होतात.

बँक, बीड
इतर कर्जांचा 90 दिवस थकबाकीचा नियम पीककर्जाला नाही. कमी मुदतीच्या पिकाचा हप्ता दोन हंगाम थकला की खातं एनपीए (थकीत, अनुत्पादित) होतं. पण मॅनेजरला 31 मार्चच्या आकड्यावरच जोखलं, तर मार्चमध्ये नवं-जुनं होणारच: सावकाराकडून दोन-चार दिवसांसाठी पैसे आणून भरणा, लगेच वाढीव मर्यादेनं उचल, आणि वाढीव रकमेतून सावकाराचं व्याज. वसुली शंभर टक्के दिसते, कर्ज फुगतं. पकडायला सोपं आहे. रोखीचा भरणा आणि आठवड्याच्या आत उचल झालेल्या खात्यांची यादी काढा. मात्र ती एप्रिल-मेमध्ये मागा. मार्चमध्ये कोणी देणार नाही.

प्रेस शॉप, वाळूज
लाइट कर्टनच्या (हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पडद्याच्या) लेन्सवर तेल बसलं किंवा अलाइनमेंट हललं की प्रेस सारखा ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. बोर्डावर फक्त "तासाला नग" असेल तर सुपरवायझर ही सुरक्षा बंद करणारी बायपास चावी फिरवणारच. चावी मेंटेनन्सच्या कुलपात ठेवा आणि हा थांबा लाइनच्या एफिशियन्सीत धरू नका. नियर-मिसचं (थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदींचं) टार्गेट तर देऊच नका. "फरशीवर पाणी" छापाच्या चिठ्ठ्यांचा ढीग येतो.

महसूल, परभणी
लातूरकर, जळीत उसाचं काय? तो तर क्रम मोडूनच तोडावा लागतो.

ऊस, लातूर
हो, आणि तीच पळवाट होते. नंबर लांब असला की फडाला काडी लावतात. जळिताची कपात सगळ्यांना सारखी लावा आणि तोडीआधी गट ऑफिसच्या माणसानं फडावर जाऊन पंचनामा करावा. जळालेल्या उसाचं वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही दिवसागणिक घटतात, त्यामुळे पंचनामा त्याच दिवशी व्हायला हवा.