शब्दचर्चा : ‘ओरॅकल कार्ड’ला मराठीत काय म्हणावं? आणि केल्टिक सणांची नावं कशी लिहावीत?

प्रश्न (नाशिकहून)
केल्टिक ऋतुसणांवर बेतलेल्या ओरॅकल कार्डांसोबत एक छोटी पुस्तिका येते, तिचं मराठी करते आहे. ही कार्डं वापरणाऱ्या बऱ्याच जणी रोज सकाळी पत्ते पिसून एक पान काढतात आणि त्यावरचा विचार दिवसभर मनाशी ठेवतात. माझं अडलंय ते ‘ओरॅकल’पाशी. कोशात देववाणी, भविष्यवाणी, आकाशवाणी असे पर्याय आहेत. आकाशवाणी म्हटलं की लोकांना रेडिओच आठवणार. शिवाय चार सणांची नावं मराठीत कुठे ‘समहेन’, ‘लुघनासाध’, तर कुठे आणखी वेगळी दिसतात. नेमकं काय लिहावं?

प्रतिसाद (डब्लिनहून)
ताई, आधी नावांचं सांगते. ‘समहेन’ असं इथे कुणी म्हणत नाही. आयरिश लेखनात ‘म’पुढे ‘ह’ आला की उच्चार ‘व’कडे झुकतो, म्हणून ‘साउन’. ‘सावन’ मात्र लिहू नका, वाचक थेट श्रावणात पोचेल. मे महिन्याच्या सणाला ‘ब्याल्तना’ आणि ऑगस्टच्या सणाला ‘लूनसा’ लिहा. ‘इम्बोल्क’ तसंच ठेवलं तरी चालेल. बोलताना लोक त्याला सेंट ब्रिजिडचा दिवसच म्हणतात आणि २०२३ पासून त्याची सार्वजनिक सुट्टीही असते.

एक जपा. साउन, ब्याल्तना आणि लूनसा ही आजच्या आयरिशमध्ये नोव्हेंबर, मे आणि ऑगस्ट या महिन्यांचीही नावं आहेत. त्यामुळे वाक्यात सण आहे की महिना, ते दर वेळी तपासा. दुसरं म्हणजे, जुन्या रीतीत दिवस मावळतीला सुरू होतो. साउन ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लागतो, म्हणून पुस्तिकेत कुठे ३१ ऑक्टोबर आणि कुठे १ नोव्हेंबर दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

प्रतिसाद (पुण्याहून)
साउनच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मतं आहेत. जुन्या आयरिश टीकाकारांनी त्याचा अर्थ ‘उन्हाळ्याचा शेवट’ असा लावला, कारण ‘सम’ म्हणजे उन्हाळा. हा ‘सम’ आपल्या ‘समा’चा सख्खा भाऊ आहे. ईशोपनिषदातल्या ‘शतं समाः’मधला ‘समा’ म्हणजे वर्ष, आणि त्या शब्दाला ऋतू, अर्धं वर्ष हेही अर्थ आहेत. दुसरं मत व्हिटली स्टोक्स या अभ्यासकाचं. त्यांनी साउनचा संबंध मेळावा या अर्थाच्या मुळाशी जोडला, आणि तिथेही संस्कृतचा भाऊबंद आहेच : ऋग्वेदातला ‘समन’. मला हे मत जास्त पटतं, कारण साउनला खरोखरच मोठे मेळावे भरत.

‘केल्टिक’ या शब्दाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. हे चार सण आयर्लंड, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन इथल्या गेलिक लोकांचे. वेल्स केल्टिक खरा, पण तिथे नावं वेगळी आहेत. साउनच्या सुमाराच्या सणाला तिथे ‘कालान गायाव’ म्हणतात, म्हणजे हिवाळ्याचा पहिला दिवस. आठ सणांचं ‘वर्षचक्र’ तर अगदी अलीकडचं. विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांचा विक्का हा नवा निसर्गपूजक पंथ आणि रॉस निकोल्स यांची, प्राचीन केल्टिक पुरोहितांचं ‘ड्रुइड’ हे नाव घेतलेली मंडळी यांनी या चार सणांना अयनदिन आणि संपातदिन जोडले. सप्टेंबरच्या संपाताला ‘मेबन’ हे नाव १९७०च्या दशकात अमेरिकेत मिळालं. पुस्तिकेत या सगळ्याला ‘प्राचीन केल्टिक परंपरा’ म्हटलं असेल, तर निदान एक टीप द्याच. नव्या परंपरेलाही मान आहे, पण तिचं वय खोटं सांगू नये.

प्रतिसाद (कुडाळहून)
ओरॅकलला ‘कौल’ हा शब्द इतका जवळचा असून अजून कुणी काढला नाही? मूळ अरबी शब्दाचा अर्थच बोल, वचन. लॅटिनमधल्या ओरॅकलचं मूळही बोलण्याचंच. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा देवीच्या कौलानेच ठरते.

तरीही ताई, तुमच्या पुस्तिकेत कौल घालू नका. कौलाला हो की नाही असं विचारायचं असतं, आणि एकदा तो मिळाला की गाव त्याला बांधलेलं असतं. तुमच्या पानावरचं वाक्य वाचून बाई स्वतःच विचार करते, आणि नाही पटलं तर सोडूनही देते. ही दोन्ही कामं वेगळी आहेत. एकाचा शब्द दुसऱ्याला दिला तर दोन्हींचं वजन जाईल.

प्रतिसाद (फोंड्याहून)
गोव्यात यालाच ‘प्रसाद’ म्हणतात. बाकी कुडाळकरांशी शंभर टक्के सहमत.

प्रतिसाद (डब्लिनहून)
कुडाळच्या दादांनी नेमकं सांगितलं. मग ‘शकुन’ कसा वाटतो? इथे साउनच्या रात्री शकुन पाहण्याची रीत फार जुनी. तीन बशा मांडायच्या : एकीत अंगठी, एकीत पाणी, एकीत माती. एखाद्याचे डोळे बांधायचे, बशांच्या जागा बदलायच्या आणि त्याला हात टाकायला सांगायचं. अंगठी लागली तर लग्न, पाणी लागलं तर समुद्रापार जाणं, माती लागली तर मरण. ज्या देशातून पिढ्यानपिढ्या माणसं बोटीत बसून निघून गेली, तिथे पाण्याच्या बशीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. ‘बार्मब्रॅक’ नावाच्या मनुकांच्या पावातही अंगठी, नाणं, चिंधी घालत. लग्न, पैसा, गरिबी. ऑक्टोबरात दुकानातून आणलेल्या पावात आजही अंगठी निघते.

प्रतिसाद (पुण्याहून)
बशांना शकुन अगदी चपखल बसतो, कारण तिथे पुढे काय घडणार ते विचारलं जातं. पत्त्यांत तसं नाही. टॅरोची ७८ पानं आणि त्यांची रचना ठरलेली असते, लेनोर्माँ या भविष्य पाहण्याच्या दुसऱ्या प्रकारच्या पत्त्यांच्या कॅटात ३६ पानं असतात. ओरॅकलच्या कॅटाला असा नियम नाही. करणारा ठरवेल तितकी पानं, तो लिहील तो अर्थ. म्हणून मी ‘संकेतपत्ते’ सुचवतो. ‘भविष्य’ हा शब्द पुस्तिकेत कुठेच येऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती
मग मुखपृष्ठावर ‘ओरॅकल कार्ड’ ठेवते, कारण त्याच नावाने लोक ती शोधतात, आणि आत ‘संकेतपत्ते’ वापरते. ‘डेक’ला कॅट, ‘रिव्हर्स्ड’ला उलटं पान. बशांच्या खेळाला ‘शकुन’ आणि चारही दिवसांना मिळून ‘ऋतुसंधी’. आता एकच उरलं. ब्रिजिडच्या दिवशी गवताचा क्रूस विणतात, त्या गवताला काय म्हणू?

प्रतिसाद (डब्लिनहून)
‘लव्हाळा’ म्हणा. वनस्पतिशास्त्राप्रमाणे इथलं गवत वेगळ्या कुळातलं आहे, पण ओलसर जागेत वाढणारं आणि वाकवलं तरी न मोडणारं म्हटलं की मराठी वाचकाला तुकोबांचा लव्हाळाच आठवेल, आणि वर्णन तंतोतंत तेच आहे. मधे चौकोनी वीण आणि तिच्यातून निघणारे चार हात, टोकं दोऱ्याने बांधलेली. घराला आग लागू नये म्हणून तो दारावर किंवा आढ्याला लावतात. फक्त ‘लव्हाळा कापून आणतात’ असं लिहू नका, ‘उपटून आणतात’ लिहा. जुन्या रीतीप्रमाणे त्याला सुरी लावत नाहीत.