पिक लाईन आणि दंडावरची सूज
कोणीतरी लिहिलंय की पिक लाईन, म्हणजे औषधं द्यायला शिरेत ठेवतात ती लांब नळी, हातातून घालतात म्हणजे गळ्यातल्या लाईनपेक्षा धोका कमीच. अर्धं बरोबर आहे. फुप्फुसाला सुई लागायची भीती जवळजवळ नसते, पण शिरेत गुठळी व्हायचं प्रमाण उलट जास्त, कारण दंडातली शीर मुळात बारीक आणि त्यात ती नळी पार हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत आठवडेच्या आठवडे पडून असते, रक्ताला वाहायला जागा नको का? म्हणून नळीची जाडी शिरेच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, आणि एका लुमेनवर (नळीच्या आतल्या एका वाटेवर) भागत असेल तर उगाच तीनवाली कशाला.

दंड सुजला, दुखायला लागला तर डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करा, पण नळी काढायची घाई नको, ती नीट चालत असेल आणि गरज असेल तर बरेचदा तशीच ठेवून रक्त पातळ करायची औषधं देतात. फ्लश केल्यावर (सलाईन सोडून नळी धुतल्यावर) थंडी वाजून ताप आला तर मात्र थांबू नका, इन्फेक्शन असू शकतं. आणि हो, फ्लशला १० मिलीचीच सिरिंज, छोटीने प्रेशर जास्त येतं, नळी फाटते कधीकधी.

किडनीचा जुना आजार असेल तर आधी नेफ्रॉलॉजिस्टला विचारा, पुढे डायलिसिसच्या फिस्टुलाला (हातातली शीर आणि धमनी जोडून करतात ती जागा) याच शिरा लागतात.