मदत हवी: एएनए ठळक पॉझिटिव्ह, ब्लॉट मात्र कोरा

काचपट्टी: एएनए (केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी) आयएफवर, म्हणजे चमकणाऱ्या रंगाच्या मायक्रोस्कोप चाचणीत, स्पेकल्ड (ठिपकेदार), चांगलंच चमकतंय. ईएनए लाइन ब्लॉटवर (मोजक्या अँटिजेनच्या पट्ट्यांची चाचणी) एकही पट्टी नाही. दोनदा लावलं, तेच. किट खराब आहे का? रिपोर्ट आजच सोडायचाय.

सीरमवाला: डायल्यूशन किती, म्हणजे सीरम किती पट पातळ केलं? ब्लॉटची कंट्रोल पट्टी उमटली का? ती नसेल तर सीरम किंवा कॉन्जुगेट (अँटिबॉडीला चिकटून ती दाखवणारं द्रव्य) टाकायचं राहिलंय, त्याला निगेटिव्ह म्हणता येत नाही.

हिरवादिवा: ब्लॉट सोडा, एलायझा (वेलमध्ये, म्हणजे छोट्या खोलग्यांत, होणारी चाचणी) लावा. आकडा येतो, वाद मिटतो.

सीरमवाला: कसला मिटतो? वेलमध्येही तीच मोजकी अँटिजेन. पॅनेलमध्ये नाही ते पट्टीवर दिसणार नाही नि वेलमध्येही. आयएफच्या काचेवरच्या हेप-२ पेशीत शंभरावर असतात.

मेटाफेज: विभाजन होणाऱ्या पेशी पाहिल्यात का? त्यांतली गुणसूत्रांची प्लेट चमकते की काळी?

काचपट्टी: १:३२०. कंट्रोल पट्टी ठसठशीत आहे. प्लेट चमकतेय, पण त्याचं काय?

मेटाफेज: सगळं तिथेच आहे! एसएम, आरएनपी, एसएस-बी या ईएनए अँटिजेनच्या स्पेकल्डमध्ये प्लेट काळी राहते. चमकली की बहुधा एसी-१ किंवा एसी-२ (पॅटर्नचे ठरलेले क्रमांक). ४०एक्सवर फोकस किंचित खालीवर करा (फार वेळ नको, एफआयटीसी हा चमकणारा रंग विरतो). केंद्रक एकसारखं भरलेलं, प्लेट गुळगुळीत: एसी-१, मग डीएसडीएनए (दुपदरी डीएनए), न्यूक्लिओसोम, हिस्टोन यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी बघा. कण लहानमोठे, प्लेटही खडबडीत: एसी-२, म्हणजे बहुधा डीएफएस-७० (केंद्रकातल्या एका प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी). ती पट्टी तुमच्या ब्लॉटवर आहे?

शेपटी: डीएसडीएनएसाठी क्रिथिडिया या एकपेशीय जीवावरची चाचणीच. त्याचं कायनेटोप्लास्ट (केंद्रकाबाहेरचा डीएनएचा गोळा) चमकलं तरच पॉझिटिव्ह. नुसतं केंद्रक किंवा बेसल बॉडी चमकली तर धरायचं नाही.

सीरमवाला: अहो, एसी-१ की एसी-२ हेच अजून ठरायचंय.

नवखा७: रक्त उपाशीपोटी घेतलं होतं का?

मेटाफेज: एएनएला लागत नाही.

काचपट्टी: कण लहानमोठेच आहेत. डीएफएस-७० ची पट्टी नाही. मग 'ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) नाही' लिहू?

मेटाफेज: मुळीच नको. डीएफएस-७० एकटीच सापडली तर ल्युपसची शक्यता कमी होते, संपत नाही. शिवाय नुसत्या पॅटर्नवर ती सिद्धही होत नाही, वेगळ्या किटवर पडताळावी लागते. आज पॅटर्न, टायटर (किती पातळ करेपर्यंत चमक राहते), पद्धत लिहा नि 'डीएफएस-७० पडताळणी सुचवली' अशी ओळ जोडा. २०१९ च्या ल्युपस निकषांतही १:८० किंवा वरचं टायटर फक्त दारातून आत घेतं, पुढचे गुण वेगळे.

हिरवादिवा: पडताळणी कशावर? एलायझावर!

सीरमवाला: डीएफएस-७० च्या वेलवर, हो. सरसकट नाही.

नवखा७: मायक्रोस्कोपला मर्क्युरी दिव्याऐवजी एलईडी लावला तर टायटर बदलतं का?

सीरमवाला: बदलू शकतं. जुन्या पॉझिटिव्ह सीरमची डायल्यूशन दोन्हींवर लावून ताडून घ्या. आणि नवा धागा काढा.