अण्णाकाकांचं सीझन तिकीट (घरचा ग्रुप, जुलै २०२५)

रोहन (कार्डिफ): मंडळी, एक मदत हवी. बाबांच्या कार्डिफ रग्बी क्लबच्या सीझन तिकिटाची मुदत शुक्रवारी संपतेय आणि ते "यंदा नको" म्हणतायत. दरवर्षीच म्हणतात, पण दोन दिवसांत आपणहून विचारतात, "भरलेस का पैसे?" यंदा आठवडा झाला, विषयच नाही.

मिलिंद (पुणे): अण्णाकाकांनी रग्बी सोडली? उद्या चहा सोडला म्हणून सांगशील.

सुलूआत्या: अण्णाची तब्येत बरी आहे ना रे?

रोहन (कार्डिफ): तब्येत ठणठणीत आहे आत्या. क्लबची बरी नाही. एप्रिलमध्ये कार्डिफ रग्बीचं दिवाळं निघालं आणि त्याच दिवशी वेल्श रग्बी युनियनने तो ताब्यात घेतला. १८७६ चा क्लब. १९५३ साली न्यूझीलंडला ८–३ ने हरवलेला.

मिलिंद (पुणे): पण परवा वेल्स जिंकलं ना जपानशी? मी बातमी पाहिली.

रोहन (कार्डिफ): हो, लागोपाठ १८ कसोट्या हरल्यावर. बाबांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "चला, नेहमीच्या कामाला लागा."

अण्णाकाका: मी ग्रुपवर आहे, हे लक्षात असू द्या.

अण्णाकाका: आणि रोहन, ८–३ सगळ्यांना सांगतोस, तेव्हा मी मिरजेत पाटीवर बाराखडी गिरवत होतो. कार्डिफ माझा क्लब कधीच नव्हता. माझा क्लब पाँटिप्रिड, दरीतल्या गावाचा.

मिलिंद (पुणे): म्हणजे? इतकी वर्षं निळा-काळा शर्ट घालून फोटो टाकताय ते?

अण्णाकाका: शर्ट रोहनने दिलेला. मफलर बघ. काळा-पांढरा आहे. तो पाँटीचा.

अण्णाकाका: ऐक. १९७६ ला मी दरीतल्या दवाखान्यात लागलो. कोळशाच्या खाणींचा मुलूख. दर शनिवारी पेशंट विचारायचे, "डॉक्टर, येणार ना?" पहिल्यांदा सार्डिस रोडला गेलो तेव्हा नियम एक कळत नव्हता. शेजारी उभा असलेला म्हातारा खाणकामगार खोकत खोकत समजावत होता. सोमवारी तोच छातीचा फोटो घेऊन माझ्यासमोर.

अण्णाकाका: त्या मैदानाला लोक 'हाउस ऑफ पेन' म्हणायचे. कार्डिफवाले तिथे यायला कुरकुरायचे. १९९६ ला वेल्श कप, पुढच्या वर्षी लीग. नील जेंकिन्स आमचा. आंतरराष्ट्रीय रग्बीत हजार गुण ओलांडणारा पहिला माणूस.

सुलूआत्या: मग बदललास का?

अण्णाकाका: मी कुठे बदललो? २००३ मध्ये युनियनने नऊ मोठ्या क्लबांचे पाच प्रादेशिक संघ केले. पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड यांची मोट बांधून नाव ठेवलं सेल्टिक वॉरियर्स. पहिल्याच हंगामात त्यांनी इंग्लंडात जाऊन वॉस्प्सला हरवलं. त्याच वॉस्प्सने त्या वर्षी युरोपचा कप नेला. आणि उन्हाळ्यात वॉरियर्स गुंडाळले. एका वर्षात!

मिलिंद (पुणे): काका, आमच्या पुण्याचे आयपीएलचे दोन संघ आले नि गेले. कुणाच्या डोळ्यात पाणी आलं नाही.

अण्णाकाका: येईल कशाला? त्यांच्याशी तुमची सोयरीक कुठे होती? गावात तालीम असते, तिची दुसऱ्या गावाच्या तालमीशी पिढीजात खुन्नस असते. उद्या कुणी सांगितलं, दोन्ही तालमी बंद, आता तिसऱ्या गावाला टाळ्या वाजवा, तर तुझे आजोबा गेले असते का?

सुलूआत्या: आप्पांनी तालीम नाही, घर सोडलं असतं!

रोहन (कार्डिफ): बाबा, पण तुम्ही आलात ना माझ्याबरोबर आर्म्स पार्कला, कार्डिफच्या मैदानावर.

अण्णाकाका: तू बारा वर्षांचा होतास. एकट्याला कोण सोडणार?

अण्णाकाका: मी कार्डिफच्या मैदानावर गेलो म्हणून दवाखान्यात महिनाभर लोक माझ्याशी तुटक बोलत होते. एकाने तर रक्तदाब मोजून घेताना तोंड फिरवलं.

मिलिंद (पुणे): वरचा आकडा किती भरला?

अण्णाकाका: पुष्कळ.

रोहन (कार्डिफ): २००९ ची कार्डिफची युरोप कपची सेमीफायनल कोण विसरेल पण? लेस्टरशी २६–२६. जादा वेळ संपला तरी बरोबरी. मग फुटबॉलसारख्या एकेक किक. शेवटी वेळ आली मार्टिन विल्यम्सवर. बिचारा फ्लँकर, त्याचं काम टॅकल करायचं, चेंडू हिसकायचा. हुकली. बाबांनी माझा हात इतका दाबला होता की दुसऱ्या दिवशी पेन धरवेना.

अण्णाकाका: अकराव्या नंबरच्या फलंदाजाला शेवटच्या चेंडूवर सहा धावा काढायला सांगण्यासारखं होतं ते. त्या माणसाला दोष नाही.

अण्णाकाका: त्याच वर्षी आम्हाला फुटबॉलच्या नव्या स्टेडियमवर नेलं. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आवाज वाऱ्यावर. २०१२ ला परत आर्म्स पार्कवर आणलं. आता शुक्रवारी रात्री दक्षिण आफ्रिकेचा नाहीतर इटलीचा संघ येतो. चांगले खेळतात. पण त्यांच्याशी भांडू काय? पाँटी, नीथ, न्यूपोर्ट आले की पबमध्ये आठवडाभर आधीपासून बाचाबाची असायची.

सुलूआत्या: मग तुझ्या त्या जुन्या क्लबला जात जा की. आहे ना अजून?

अण्णाकाका: आहे. खालच्या लीगमध्ये. जातो अधूनमधून. जुने पेशंट भेटतात, आणि सामना सोडून गुडघे दाखवत बसतात.

मिलिंद (पुणे): गेल्या महिन्यात अंधेरीला रग्बीची लीग झाली, काका. सेव्हन्स. या पुढच्या वेळी.

अण्णाकाका: सात जणांचं काय बघायचं? स्क्रमच, ती खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी, नीट लागत नाही त्यात.

विनयाकाकू: मी सकाळपासून वाचतेय. रोहन, कालच यांनी तो काळा-पांढरा मफलर धुवायला टाकलाय. जुलैत. गरम पाण्यात नको म्हणून दोनदा बजावलंय.

अण्णाकाका: हा मेसेज डिलीट करण्यात आला

रोहन (कार्डिफ): पैसे भरले.

अण्णाकाका: कुणाला विचारून?

अण्णाकाका: जागा जुनीच ना? मागच्या वर्षी खांबाआड दिली होती.

रोहन (कार्डिफ): जुनीच.

अण्णाकाका: बरं. तिथला पाय पुन्हा थंडगार निघाला तर मी मध्यंतरालाच घरी येणार, सांगून ठेवतो.

सुलूआत्या: कुणाचा पाय थंड पडला?

रोहन (कार्डिफ): आत्या, खायचा 'पाय'. इंग्रजी pie.