मोबाइल पाहून उठल्यावर एकाच डोळ्यापुढे अंधार का येतो?

प्रश्न : ऊस उत्पादक, वाळवा तालुका (जि. सांगली)

सध्या आमच्या भागात शेतीची वीज रात्रपाळीला असल्यामुळे दारे धरायला रात्रीच मळ्यात जावे लागते. परवा दोनच्या सुमारास, सरी भरेपर्यंत थोडी पाठ टेकावी म्हणून मोटारीच्या खोलीत बाजेवर डाव्या कुशीवर आडवा झालो आणि अर्धा तास मोबाइल पाहत राहिलो. डावा डोळा घोंगडीत दबलेला होता. दिवा न लावता बाहेर आलो, तेव्हा डाव्या डोळ्याने बांध, पाट, उसाचे शेंडे अंधुक का होईना, दिसत होते. उजव्या डोळ्यापुढे मात्र काळाकुट्ट पडदा होता. डोळा गेला असे वाटून हातपाय गळाले. दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू दिसू लागले. अंधारात बाहुली मोठी होते, असे शाळेत शिकलो होतो. माझ्या उजव्या डोळ्याची बाहुली मोठी व्हायची राहिली असेल का?

उत्तर १ : नेत्रतपासणीचे काम करणारी, सातारा

दादा, आपण सांगितलेल्या वर्णनावरून हा आजार वाटत नाही. २०१६ साली लंडनच्या डॉक्टरांनी अगदी अशाच तक्रारींचा उलगडा केला होता. त्या रुग्णांनीही एका कुशीवर पडून एकाच डोळ्याने मोबाइल पाहिला होता.

बाहुलीचा यात दोष नाही, आणि त्याचा पुरावा तपासणीच्या खोलीत आम्ही रोज पाहतो. एका डोळ्यावर बॅटरीचा झोत टाकला, की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकदम लहान होतात. म्हणजे निरोगी माणसाच्या दोन डोळ्यांत इतका फरक बाहुलीमुळे पडूच शकत नाही. शिवाय बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत उघडली, तरी आत येणारा प्रकाश फार तर १६ पट वाढतो. भर दुपारचे ऊन आणि चांदण्यांचा उजेड यांतील फरक मात्र कोट्यवधी पटींचा असतो.

खरे काम दृष्टिपटलावर चालते. तिथल्या सुमारे १२ कोटी दंडाकार पेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रकाशग्राही द्रव्य असते. उजेड पडला की ते विघटित होते आणि अंधारात, जीवनसत्त्व 'अ'पासून मिळणाऱ्या घटकाच्या मदतीने, पुन्हा तयार होते. पण ही भरपाई सावकाश होते आणि पूर्ण व्हायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. प्रत्येक डोळ्याचा हा साठा स्वतंत्र असतो. आपल्या उजव्या डोळ्याचा साठा मोबाइलच्या उजेडाने बराच खर्ची पडला होता आणि घोंगडीतल्या डाव्या डोळ्याचा भरत होता, एवढेच घडले.

मात्र मोबाइल पाहिलेला नसताना, किंवा दिवसाउजेडी, एका डोळ्यापुढे अचानक अंधार आला, तर तो काही मिनिटांत गेला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि रोजच संध्याकाळी दिसेनासे होत असेल, तर रातांधळेपणाची तपासणी करून घ्यावी.

उत्तर २ : विज्ञान शिक्षक, कराड

ताईंच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. दृष्टिपटलाच्या ज्या मध्यबिंदूने आपण अक्षर वाचतो, तिथे केवळ शंक्वाकार पेशी असतात, आणि त्यांना मंद उजेड पुरत नाही. म्हणून अंधारात एखाद्या वस्तूकडे रोखून पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा दिसते. कास पठारावर रात्री मुलांना अंधुक तारे दाखवताना मी हेच सांगतो, आणि सूचना पाहायला बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावतो, कारण दंडाकार पेशींना गडद लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही. बांधावर चालताना मात्र साधी बॅटरीच पायाशी धरावी. उसात घोणस असते, आणि डोळे अंधाराला कितीही सरावले तरी पाचोळ्यातली घोणस ओळखता येत नाही.

प्रश्नकर्ता :

ताई, सर, मनापासून आभार. काल रात्री मुद्दाम करून पाहिले. खोलीत दिवा लावून स्टार्टर तपासताना डावा डोळा तळहाताने पंधरा मिनिटे झाकून ठेवला, मग दिवा घालवून दारातच उभा राहिलो. उजव्या डोळ्याला काहीच दिसेना; डाव्याने मात्र समोरच्या सरीत शिरणारे पाणी दिसले, फक्त त्याला रंग नव्हता, नुसती राखाडी चमक होती.

उत्तर २ : विज्ञान शिक्षक, कराड

रंग ओळखणे शंक्वाकार पेशींचे काम आहे. तेवढ्या उजेडात त्या काम करत नाहीत, म्हणून पाणी राखाडी दिसले.